आदर्श नगरात गुलाम कशाला? थॉमस मोरची ‘युटोपिया’ वाचताना पडलेला प्रश्न

सुरसागर_काठ (वडोदरा):

नमस्कार मंडळी. आमचा इथे दांडिया बाजारच्या आसपासच्या लोकांचा एक छोटा वाचनगट आहे, बहुतेक मराठी, दोन गुजराती मैत्रिणीही येतात. यावेळी ‘आदर्श समाज’ या विषयावर मी बोलायचंय. मी थॉमस मोर या इंग्रज लेखकाची युटोपिया घेतली (मूळ लॅटिन, १५१६ ची, मी इंग्रजी अनुवादातून वाचली).

सुरुवातीला अक्षरशः हरखून गेले होते. पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस लिहितोय की युटोपिया या काल्पनिक बेटावर ५४ शहरं आहेत, कुणाची खाजगी मालमत्ता नाही, घरांना कुलपं नाहीत, दार ढकललं की उघडतं, दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरं बदलायची म्हणजे कुणाला ‘माझं घर’ असा मोह नको. बायका-पुरुष सगळे काम करतात पण रोज फक्त सहा तास, आणि पहाटे उठून व्याख्यानं ऐकायला जातात! मला तर वाटलं हे आपल्या गटासाठीच लिहिलंय.

आणि मग हळूच गुलाम यायला लागतात. आधी एका वाक्यात, की शेतावरच्या प्रत्येक कुटुंबात किमान ४० माणसं आणि शिवाय दोन गुलाम. मग जेवणघरात: स्वयंपाक घरोघरच्या बायका पाळीपाळीने करणार, पण जड आणि घाण काम गुलामांचं. मग खाटीककाम: जनावरं शहराबाहेर वाहत्या पाण्याशी गुलामांनीच कापायची, कारण नागरिकांना मारायची सवय लागली तर त्यांच्या मनातली दया मरेल म्हणे. आणि शेवटी गुलामांवर एक अख्खं प्रकरणच.

एक प्रसंग तर डोक्यातून जात नाहीये. सोन्याचा मोह राहू नये म्हणून युटोपियात सोन्याची करतात काय, तर मूत्रपात्रं आणि गुलामांच्या बेड्या. एकदा अनेमोलियन नावाच्या देशाचे वकील (म्हणजे राजदूत) दरबारी थाटात येतात, अंगभर सोनं, गळ्यात जाड साखळ्या. लोकांना वाटतं हेच गुलाम, म्हणून ते त्यांना ओलांडून मागच्या साध्या कपड्यातल्या नोकरांना नमस्कार करतात. एक पोरगा आईला ढोसतो, बघ ना एवढा मोठा झाला तरी मोती घालून फिरतोय, आणि आई म्हणते गप्प बस, तो वकिलांचा विदूषक असेल. काही लोक तर साखळ्यांनाच नावं ठेवतात की या फारच बारीक आहेत, असल्या साखळ्या गुलाम सहज तोडेल. सोन्याची खिल्ली उडवलीय हे कळतं, पण मला ते शेवटचं वाक्य लागलं. रस्त्यावरच्या साध्या माणसाला बेडी किती जाड असावी याची माहिती आहे!

जिथे कुणी उपाशी नाही, कुणी भिकारी नाही, तिथे माणसाच्या पायात बेडी, आणि लेखक ते इतक्या शांतपणे सांगतो की मला खरंच राग आला. मोरला हे खटकलंच नसेल का? की हे सगळं मुद्दाम आहे, वाचणाऱ्याला टोचावं म्हणून? आणि त्या काळात आदर्श समाज रंगवणारे बाकीचे लेखक होते त्यांनी गुलामांचं काय केलं? ज्यांनी वाचलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, घाई नाही.

रावपुरा_नाका:

ताई, राग समजू शकतो पण आधी पुस्तकाचा पहिला भाग शांतपणे वाचा. बहुतेक लोक तो उरकून दुसऱ्या भागातल्या बेटावर पळतात, पण किल्ली पहिल्या भागात आहे.

तिथे इंग्लंडातल्या कार्डिनल (बडा धर्माधिकारी) मॉर्टनच्या जेवणाच्या टेबलावर एक वकील अभिमानाने सांगतो की चोरांना आम्ही कसे धडाधड लटकवतो, कधीकधी एकाच फासावर वीस जण, आणि पुढे म्हणतो तरी चोर कमी का होत नाहीत कळत नाही. यावर राफाएल हिथ्लोडे (बेटाची हकीकत सांगणारा पोर्तुगीज प्रवासी) जे बोलतो ते आजही अंगावर येतं. तो म्हणतो जमीनदारांनी लोकरीच्या पैशासाठी शेतं मोडून मेंढ्यांची कुरणं केली, गावंच्या गावं उठवली, इंग्लंडात आता मेंढ्या माणसं खातायत. उठवलेला कुणबी एकतर भीक मागणार नाहीतर चोरी करणार, आणि दोन्हीला तुम्ही शिक्षा देणार. शिवाय चोरीलाही फाशी आणि खुनालाही फाशी असेल तर चोर साक्षीदाराला जिवंत कशाला सोडेल?

मग तो पर्याय म्हणून पॉलिलेराइट या आणखी एका काल्पनिक देशाच्या लोकांची पद्धत सांगतो. चोराने माल परत करायचा आणि सार्वजनिक कामाला जुंपून घ्यायचं. एकाच रंगाचे कपडे, कानाच्या वर कापलेले केस, एका कानाची पाळी थोडी छाटलेली, रात्री हजेरी घेऊन कोंडायचं. पण पोटभर जेवण, चांगलं वागला तर सुटकेची आशा, आणि दरवर्षी काही जणांना खरंच सोडतात. तुम्हाला आज हे भयंकर वाटेल, मलाही वाटतं, पण समोर फास असताना हे दयेचं बोलणं होतं.

आणि युटोपियात गुलाम कोण होतात तेही नीट बघा. जन्माने कुणी गुलाम नाही, गुलामाचं पोर मोकळं. दुसऱ्यांच्या लढाईत पकडलेले नाहीत, परदेशातल्या गुलामांची खरेदी नाही. हे कुठल्या जगात लिहिलंय? १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागोस बंदरात २३५ आफ्रिकी माणसं उतरवून वाटून घेतली, तिथपासून तो धंदा वाढतच होता, आणि विद्यापीठांत ॲरिस्टॉटल शिकवला जात होता की काही माणसं जन्मतःच दास असतात. मोर जन्माचा मुद्दाच उडवून लावतो. १५१६ ला हे लिहिणं लहान गोष्ट नाही हो.

आणि प्रत्यक्षातला इंग्लंड बघा. मोरचं डोकं उडवलं १५३५ मध्ये, आणि १५४७ ला तिथल्या पार्लमेंटने कायदाच केला की धडधाकट माणूस काम टाळून भटकताना सापडला तर छातीवर तापल्या लोखंडाने V डागायचा आणि दोन वर्षं गुलाम करायचं, पळाला तर S डागून जन्मभर. तो राबवता येईना म्हणून दोन-तीन वर्षांत रद्द करावा लागला हा भाग वेगळा. मोर काम न मिळणाऱ्या भुकेल्याच्या बाजूने बोलत होता, हा कायदा त्याच भुकेल्याच्या छातीवर.

कोठीपोळ:

रावपुरा_नाका, फाशीवाला मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्याने ताईंच्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर मिळतं. कारण युटोपियातले सगळे गुलाम गुन्हेगार नाहीयेत. एक वर्ग असा आहे की शेजारच्या देशातले गरीब कष्टकरी, तिथे मरमर करण्यापेक्षा युटोपियात गुलाम झालेलं बरं म्हणून स्वतःहून येतात. त्यांना जवळपास नागरिकांसारखं वागवतात, थोडं जास्त काम देतात, जायचं म्हटलं तर अडवत नाहीत, रिकाम्या हातानेही पाठवत नाहीत. ऐकायला छान. पण मग त्यांना नागरिकच का करून घेत नाहीत? गुन्हा तर काहीच नाही त्यांचा. परमुलखात राबायला गेलेल्या आपल्या माणसांकडे बघितलं की हा वर्ग लगेच ओळखीचा वाटतो.

आता माझा खरा मुद्दा. सहा तासांचं गणित मोर कसं सोडवतो? तो सांगतो की बाकीच्या देशांत जवळपास सगळ्या बायका (म्हणजे निम्मे लोक), पाद्री, सरदार, त्यांचे हुजरे, भिकारी हे सगळे बसून खातात, आणि जे काम करतात त्यातलेही पुष्कळ जण चैनीच्या वस्तू बनवतात. सगळ्यांनी गरजेचंच काम केलं तर सहा तास पुरतात. या हिशोबात गुलाम कुठेच येत नाहीत! काढून टाकले तरी हिशोब बसतो. मग ठेवले कशाला? तर रक्त, घाण, उष्टं यासाठी. नागरिकाचं मन कोवळं राहावं म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी मन मरू द्यायचं, आणि तेही शहराबाहेर नेऊन.

मी मराठी माणूस म्हणून हे वाचतो तेव्हा मला थेट गावकूस दिसतं. मेलेलं ढोर ओढणारा वेशीबाहेर आणि त्याच्या कष्टावर ‘शुद्ध’ राहणारं गाव आत. मोरला आपली व्यवस्था माहीत असण्याचं कारण नाही, पण नकाशा तोच निघतो.

आणि हे एकट्या मोरचं नाहीये. त्या काळातली बाकीची आदर्श गावं घ्या आणि प्रत्येक ठिकाणी भिंतीबाहेर काय आहे ते बघा.

फ्रेंच लेखक राब्लेचा तेलेमचा मठ (१५३४). नियम एकच, मनाला येईल ते करा. सुंदर तरुण-तरुणी, ग्रंथालयं, बागा, कुणाची सक्ती नाही. पण त्यांचे ते मखमली कपडे येतात कुठून? मठाजवळच्या रानाच्या कडेने घरांची लांबच लांब रांग आहे, त्यात सोनार, शिंपी, जरीवाले, विणकर राहतात आणि फक्त मठवाल्यांसाठी राबतात. माल येतो पार मोत्यांच्या आणि नरभक्षकांच्या बेटांवरून, दरवर्षी सात जहाजं भरून, सोन्याच्या लगडी, कच्चं रेशीम, मोती. त्या रांगेतल्या शिंप्याला ‘मनाला येईल ते कर’ असं कुणी म्हणत नाही.

मग कांपानेल्लाचं सूर्यनगर. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाचा साधू, स्पॅनिश सत्तेविरुद्ध कट केला म्हणून १५९९ ला पकडला, छळ झाला, नेपल्सच्या तुरुंगात पंचवीसहून जास्त वर्षं काढली. आणि १६०२ च्या सुमारास कोठडीत बसून त्याने हे लिहिलं. नगर वसवलंय तप्रोबना (श्रीलंकेचं जुनं नाव) बेटावर, म्हणजे आपल्या बाजूलाच, आणि तिथली माणसं मुळात हिंदुस्थानातून जुलमाला कंटाळून पळून आलेली! सात तटबंद्यांचं शहर, रोज चारच तास काम. आणि तो स्वच्छ लिहितो की इथे गुलाम नाहीत, कारण लोक स्वतःला पुरेसे आहेत. वाढपी होणं, स्वयंपाकघरात राबणं कुणालाच हलकं वाटत नाही, जो जास्त कष्टाची कामं करतो त्याला जास्त मान, आणि आपण कारागिरांना हीन समजतो म्हणून ते आपल्याला हसतात. नेपल्सबद्दल तर तो म्हणतो की जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा लोक राबतात, ते कामाने मरतात आणि उरलेले आळसाने सडतात. हे वाचून मी उठून खोलीत चकरा मारल्या होत्या इतका आनंद झाला होता.

पण पुढे येतं की गुलामांच्या आणि परक्यांच्या वाईट सवयींनी शहर बिघडू नये म्हणून सगळा व्यापार वेशीवर चालतो. आणि लढाईत धरलेल्या कैद्यांना एकतर तिथेच विकतात, नाहीतर शहराबाहेर खंदक खणायच्या कष्टाच्या कामाला लावतात. म्हणजे शहरात गुलाम नाहीत हे खरं, पण शहर गुलाम विकतं. ज्याला स्वतःला साखळदंडात बांधलं होतं त्याने हे लिहिलंय, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

सुरसागर_काठ:

बापरे, किती लिहिलंत, मनापासून आभार. तो तट आणि वेशीचा मुद्दा मी नक्की घेणार.

एक गोष्ट विचारायची राहिली. माझ्या गुजराती मैत्रिणीला फोनवर हे सांगितलं तर ती पटकन म्हणाली, मग गटार कोण साफ करणार ते तुझ्या लेखकाला विचार. बाकी कुठल्याही आदर्श गोष्टीपेक्षा मला हाच प्रश्न खरा वाटतो. मोरकडे याचं गुलाम सोडून दुसरं काही उत्तर आहे का?

कोठीपोळ:

आहे! आणि तेच पुस्तकातलं सर्वात दुर्लक्षित पान आहे. शेवटी धर्मावरच्या प्रकरणात तो एका पंथाबद्दल लिहितो, बुथ्रेस्क म्हणतात त्यांना. ही माणसं पुण्य म्हणून आपणहून अवघड कामं अंगावर घेतात. रस्ते दुरुस्त करतात, खंदक-नाले उपसतात, पूल बांधतात, लाकडं वाहतात, आजाऱ्यांची सेवा करतात, आणि दुसरा कुणी घाणीमुळे किंवा कंटाळ्यामुळे जे करणार नाही ते हसत करतात. त्यांच्यातले काही ब्रह्मचारी, मांस न खाणारे, काही लग्न करून संसार करणारे. आणि वाक्य असं आहे की ते जितकं गुलामासारखं राबतात तितका लोक त्यांना जास्त मान देतात.

म्हणजे काम तेच. एकाला त्यात बेडी आणि दुसऱ्याला त्यात मान. मोरला कळलं होतं की घाण काम माणसाला हलकं करत नाही. ते कळूनही बेड्या ठेवल्या, म्हणून मला तो जास्त दोषी वाटतो, कमी नाही.

राजवाडा_चौक (इंदूर):

इंदूरहून लिहितोय. या चर्चेत शेक्सपियरचं ‘टेम्पेस्ट’ (१६११) यायलाच हवं. आधी फ्रेंच निबंधकार माँतेनचा नरभक्षकांवरचा निबंध, १५८० चा. ब्राझीलच्या लोकांबद्दल तो लिहितो की त्यांच्यात व्यापार नाही, अधिकारी नाहीत, चाकरी नाही, श्रीमंती-गरिबी नाही. १५६२ मध्ये तिथली तीन माणसं रूआँ शहरात आणली होती, माँतेन त्यांना भेटला. त्यांना तिथलं काय विचित्र वाटलं? तर एक, दाढीवाले धिप्पाड सैनिक एका पोराचं (राजा तेव्हा लहान होता) का ऐकतात, आणि दुसरं, काही लोक खाऊन तुडुंब आणि त्यांच्याच दाराशी काही लोक उपाशी, तर हे उपाशी त्यांचा गळा का धरत नाहीत, घरं का पेटवत नाहीत. त्या निबंधाचा इंग्रजी अनुवाद १६०३ ला आला आणि शेक्सपियरने त्यातले शब्द जवळजवळ जसेच्या तसे गोंझालो या म्हाताऱ्याच्या तोंडी घातले: हे बेट माझ्या हातात असतं तर इथे श्रीमंती नाही, गरिबी नाही, चाकरी नाही, राज्यसत्ता नाही. लगेच बाजूचे दोघे टोमणा मारतात की आणि तरी राजा मात्र हाच होणार!

आता हे भाषण कुठे चाललंय ते बघा. त्याच बेटावर प्रॉस्पेरो या हद्दपार झालेल्या जादूगार सरदाराकडे कॅलिबन आहे, लाकडं वाहणारा, सरपण आणणारा, ज्याला तो सरळ ‘गुलाम’ म्हणूनच हाक मारतो आणि वर मुलीला स्पष्ट सांगतो की त्याच्यावाचून आपलं भागत नाही, चूल तोच पेटवतो. कॅलिबन म्हणतो हे बेट माझं, माझ्या आईकडून आलेलं, तू माझ्याकडून हिरावलंस. प्रॉस्पेरोच्या चाकरीतला अदृश्य आत्मा एरियलही सुटकेची तारीख मागत असतो. गोंझालोला यातलं काही माहीत नाही, तो आपला वाळूवर उभा राहून बिनचाकरीचं राज्य रंगवतोय आणि प्रेक्षकांनी मात्र त्याआधीच कॅलिबनला लाकडं आणायला हाकललेलं पाहिलेलं असतं. आदर्श राज्याच्या कल्पनेला तिच्या खालची जमीन कुणाची हे विचारणारं त्या काळातलं मला माहीत असलेलं हेच सगळ्यात धारदार लेखन. गटात वाचून दाखवायचं असेल तर गोंझालोचं भाषण आणि कॅलिबनचं पहिलं भांडण एकापाठोपाठ वाचा, मध्ये काही बोलू नका.

मोडी_अक्षर:

मी जुने मराठी कागद वाचतो, त्यामुळे मला युटोपियातला वेगळाच भाग खटकला, व्यभिचाराचा. तिथे व्यभिचार केला की सगळ्यात कडक गुलामी, दुसऱ्यांदा केला तर मृत्यू. निर्दोष नवरा-बायकोला सोडचिठ्ठी घेता येते, पण प्रेमापोटी सोबत राहायचं असेल तर त्यानेही गुलामीचे कष्ट वाटून घ्यायचे.

आता आपली पेशवाई. अठराव्या शतकातल्या कागदांत बटकी आणि कुणबिणींची (म्हणजे गुलाम बायकांची) खरेदी-विक्री सरळ दिसते, आणि त्यातल्या कितीतरी बायका अशा की ज्यांच्यावर व्यभिचाराचा ठपका आला म्हणून सरकारने त्यांना कुणबीण करून ठेवलं. किल्ल्यावर, पागेत, कोठीवर दळणकांडण, शेणघाण, जनावरांचं काम. मोरच्या कल्पनेतला कायदा आपल्याकडे प्रत्यक्षात चालू होता, आणि मोरपेक्षा वाईट रीतीने, कारण इथे शिक्षेचा भार बाईवरच आणि कुणबिणीच्या पोरांनाही त्या दावणीतून सुटका नव्हती. कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीला कायद्याचा आधार उरला नाही तो थेट १८४३ च्या कायद्याने.

म्हणून रावपुरा_नाका, फाशीऐवजी गुलामी ही दया आहे हे मला पूर्ण पटत नाही. एकदा का शिक्षेतून फुकटचे हात मिळायला लागले की सरकारला गुन्हेगार लागायला लागतात. मोरच्याच पुस्तकात बघा, युटोपियाचे लोक परदेशात जाऊन तिथे फाशीची शिक्षा झालेले कैदी स्वस्तात, बऱ्याचदा फुकटात मागून आणतात, आणि गुलामांत हेच जास्त. पॉलिलेराइटांकडेही खाजगी माणसाला बाजारातून असा कैदी रोजाने नेता येतो, मोकळ्या मजुरापेक्षा थोड्या कमी पैशात. कमी पैशात! मग त्या मोकळ्या मजुराला काम कोण देणार? शेतातून उठवलेल्याच्या बाजूने एवढं बोलणाऱ्या माणसाला हे दिसू नये याचं नवल वाटतं.

रावपुरा_नाका:

मोडी_अक्षर, बाजारातला रोजाचा मुद्दा जबरदस्त आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पुस्तक एवढंच नाही, ते वाचणाऱ्यांनी त्याचं काय केलं हेही बघायला हवं ना.

वास्को दे किरोगा नावाचा स्पॅनिश न्यायाधीश १५३१ ला मेक्सिकोत गेला. तिथे चाललेली लूट आणि माणसं गुलाम करून खाणीत घालणं बघून त्याने मोरचं पुस्तक समोर ठेवून खरोखरची गावं वसवली, सान्ता फे नावाची, आधी मेक्सिको शहराजवळ आणि मग मिचोआकानमध्ये. सामाईक जमीन, सहा तास काम, आजारी आणि म्हाताऱ्यांची सोय. पुढे तो तिथलाच बिशप झाला. आणि १५३४ मध्ये राजाने पुन्हा इंडियन (म्हणजे अमेरिकेतल्या मूळ) लोकांना गुलाम करायची मुभा दिली तर याने पुढच्याच वर्षी त्याविरुद्ध लांबलचक अर्ज लिहिला. म्हणजे पुस्तक वाचून एक माणूस तरी गुलामीच्या विरोधात उभा राहिला. युटोपियातून बेड्या वगळून उरलेलं घेता येतं हे त्याने करून दाखवलं.

याच्या उलट लास कासास हा स्पॅनिश पाद्री. इंडियन लोकांचा सगळ्यात मोठा कैवारी, पण १५१६ मध्येच, ज्या वर्षी युटोपिया छापली त्याच वर्षी, त्याने राजाला आदर्श वसाहतींची योजना दिली आणि त्यात सुचवलं की इंडियन वाचवायचे असतील तर खाणींत बाहेरून आणलेले गुलाम वापरा, काळे किंवा गोरे. नंतर आफ्रिकेत माणसं कशी पकडतात हे कळल्यावर त्याला त्याचा इतका पश्चात्ताप झाला की स्वतःच्या इतिहासग्रंथात त्याने तो लिहून ठेवला. एका माणसाला बेडीतून सोडवताना ती दुसऱ्याच्या पायात घालायची, ही त्या शतकातल्या भल्या माणसांचीही अडचण होती.

कामाठीबाग_सकाळ:

सगळं वाचलं, फार चांगली चर्चा. पण वडोदऱ्यात बसून बोलणार आहात तर एक गोष्ट घ्याच. सयाजीरावांचं राज्य त्या काळात आदर्श म्हणून नावाजलेलं होतं आणि ते उगाच नाही, १९०६ ला संपूर्ण राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण, गावोगाव वाचनालयं. त्याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये इथे नोकरीला आले तर त्यांना राहायला घर मिळालं नाही. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं, आणि मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. ही गुलामी नव्हे, मला दोन्ही एक करायचे नाहीत. पण कोठीपोळ यांनी तटाबाहेरच्या माणसाचं जे म्हटलंय ते इथे पायाखालच्या जमिनीत आहे, त्याच बागेतल्या, त्या दिवसाची आठवण जपणाऱ्या संकल्पभूमीवर जाऊन उभं राहिलं की कळतं.

आणि दुसरं म्हणजे तुम्ही सगळे तटाच्या आत बसून लिहिलेली आदर्श नगरं बघताय. तटाबाहेरच्या माणसाने लिहिलेलं का घेत नाही? संत रविदासांचं बेगमपुऱ्याचं पद घ्या, साधारण मोरच्याच काळाच्या आसपासचं, काशीच्या एका चांभाराने रचलेलं. ज्या शहरात दुःख नाही, कराची धास्ती नाही, ‘दोम न सेम एक सो आही’, म्हणजे दुय्यम-तिय्यम कुणी नाहीच, सगळे एक. जिथे वाटेल तिथे फिरा, महालातही कुणी अडवत नाही. आणि शेवटी तो स्वतःला ‘खलास चमारा’ म्हणतो, सुटलेला, आणि जो माझ्या शहरातला तो माझा मित्र. कातडं कमावणारा माणूस इथे गावाबाहेर नाही, तोच नागरिक आहे आणि तोच सांगतोय. मोरच्या ५४ शहरांत असा एकही आवाज नाही, तिथला खाटीक-गुलाम एक शब्दही बोलत नाही.

सुरसागर_काठ:

कामाठीबाग_सकाळ, ते पद खात्रीच्या शब्दांत कुठे मिळेल? इंटरनेटवर दोन-तीन वेगवेगळी दिसतायत.

कामाठीबाग_सकाळ:

गुरुग्रंथसाहेबात गउडी रागातल्या रविदासांच्या पदांमध्ये आहे, तोच पाठ घ्या. देवनागरीत अर्थासकट सहज मिळतो. छोटं पद आहे, गटात कुणाला गाता येत असेल तर म्हणायलाच सांगा.

सुरसागर_काठ:

येते एकीला, आजच विचारते. मग असं करते, आधी वकिलांच्या सोन्याच्या साखळ्या, मग बुथ्रेस्कांचं पान, त्यानंतर गोंझालो-कॅलिबन राजवाडा_चौक म्हणाले तसं एकापाठोपाठ, आणि बेगमपुरा. पेशवाईचं मात्र मी स्वतः बोलणार नाही. मोडी_अक्षर, तुम्ही वडोदऱ्यातच असाल तर रविवारी या ना, अर्धा तास तुमच्यासाठीच ठेवते.